नॅनोहिरे

साधारणपणे १०० नॅनोमीटरपेक्षा (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान असलेल्या हिऱ्याच्या स्फटिककणांना नॅनोहिरे म्हणतात. खाणीतील हिऱ्याप्रमाणेच त्यांच्या गाभ्यातील प्रत्येक कार्बन अणू चार शेजारी अणूंशी बांधलेला असतो. मात्र कण अतिसूक्ष्म असल्याने अणूंचा मोठा हिस्सा पृष्ठभागावर येतो आणि कणाचे रासायनिक वर्तन बव्हंशी हा पृष्ठभागच ठरवतो. दिसायला ही राखाडी भुकटी असते; जवाहिऱ्याला तिचा उपयोग नाही.

औद्योगिक उत्पादनाची प्रमुख रीत स्फोटाची आहे. ती १९६३ मध्ये सोव्हिएत संघात सापडली, परंतु गुप्ततेमुळे तिची माहिती जगापुढे येण्यास १९८० चे दशक उजाडले. टीएनटी आणि आरडीएक्स या स्फोटकांच्या मिश्रणाचा बंद पोलादी कक्षात स्फोट घडवितात. कार्बन बाहेरून घालावा लागत नाही; मिश्रणात ऑक्सिजन मुळातच अपुरा असल्याने स्फोटकांतीलच काही कार्बन न जळता उरतो आणि वातावरणाच्या दोन-तीन लाख पट दाबाखाली, क्षणार्धात, हिऱ्याचे रूप घेतो. दाब उतरल्यावरही उष्णता टिकून राहिली तर हिऱ्याचे ग्राफाइट होते, म्हणून कक्षात निष्क्रिय वायू, पाणी किंवा बर्फ ठेवून सर्व पदार्थ झटपट थंड करतात.

एवढ्याने हाती येते ती केवळ काजळी. तिच्यात ४ ते ५ नॅनोमीटरचे हिरे असतात, तसाच ग्राफाइटसदृश कार्बन आणि कक्षाच्या भिंतींचे धातुकणही असतात. तीव्र आम्लांनी किंवा ओझोनने हा मळ काढावा लागतो. त्यानंतरही एकमेकांना घट्ट चिकटलेले कण सुटे करण्यासाठी ते झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकच्या बारीक मण्यांसह दळतात. भुकटीचा दर्जा स्फोटाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या शुद्धीकरणावर ठरतो. मोठे कृत्रिम हिरे दळूनही नॅनोहिरे मिळवितात. निसर्गातही ते आढळतात: १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे उल्केत सूर्यमालेपूर्वीचे मानले जाणारे नॅनोहिरे सापडले आहेत.

काचेला व धातूला झिलई देणे, वंगणतेलात मिसळून घर्षण कमी करणे आणि निकेल किंवा क्रोमियमचा मुलामा टणक करणे हे त्यांचे रुळलेले उपयोग होत. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे औषध कणांच्या पृष्ठभागावर बसवून पेशींपर्यंत नेण्याचे प्रयोग झाले आहेत. ज्या कणांत नायट्रोजनचा अणू आणि त्यालगत अणूची एक रिकामी जागा असते, ते हिरव्या प्रकाशात लाल चमकतात. या चमकेतील बदलांवरून पेशीच्या आतील तापमान किंवा क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजता येते.

नॅनोहिऱ्यांचा आणखी एक उपयोग कापडात होऊ शकतो, आणि चादरी व टॉवेलांच्या सोलापूरला तोच सर्वांत जवळचा आहे. हिरा उष्णतेचा उत्तम वाहक असल्याने, ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सुती कापडाच्या अंगाला लागणाऱ्या बाजूवर पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या सूक्ष्म तंतूंत गुंफलेल्या नॅनोहिऱ्यांचा थर दिला; २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार हे कापड निवताना साध्या सुती कापडापेक्षा २ ते ३ अंश सेल्सिअस अधिक थंड राहिले. ज्या शहरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर काम चालते, तिथे हा फरक क्षुल्लक नव्हे. तथापि टॉवेलसारखे वारंवार धुतले जाणारे कापड घेतल्यास पहिली कसोटी थंडाव्याची नसून, तो थर किती धुण्यांपर्यंत टिकतो याची असेल. शिवाय टॉवेलच्या सुती फासांवर पॉलियुरेथेन चढल्यास पाणी शोषण्याचा त्याचा मूळ गुण कमी होण्याची शक्यताही तपासावी लागेल.