कोयता एक, कामगार दोन

मराठवाड्यातल्या ऊसतोडीचा विषय निघाला की १९७२ चा दुष्काळ आठवतो. त्याआधीची घडी थोडक्यात अशी: मनमाड–हैदराबाद रेल्वे आली आणि बंजारा तांड्यांची बैलांवरची धान्य-मिठाची ने-आण बंद पडली. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जमीन हलकी, बहुतेक दलित कुटुंबांकडे तीही नव्हती. दुष्काळानंतर वंजारी, बंजारा, दलित आणि कोरडवाहू मराठा कुटुंबंही पश्चिम महाराष्ट्राच्या उसाच्या फडांवर जाऊ लागली.

खरा वाद कोयत्याचा आहे. मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या वहीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात, हिशेब तोडलेल्या उसाच्या टनावर. बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. वहीत तिच्या नावाची ओळ नसते. सरकारी दुष्काळी कामावर याच बाईचं नाव हजेरीपटावर वेगळं लागत होतं. फडावर गेल्यावर ते पुसलं गेलं. कारखाने म्हणतात, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, संसार मी कशाला वेगळा मोजू? संघटनांची भांडणंही टनाच्या दरावरच. जानेवारी २०२४ मध्ये दर ३४ टक्क्यांनी वाढला, तिचा वाटा तेव्हाही लिहिला गेला नाही. माझ्या मते या इतिहासात बायकांना सगळ्यात महाग पडलेली गोष्ट हीच.

कारण बाकीचं त्यातूनच येतं. विधवा किंवा टाकलेली बाई 'अर्धा कोयता'. भाऊ नाहीतर मुलगा जोडीला मिळाला तरच तिला उचल. कोयता पुरा व्हावा म्हणून पोरींची लग्नं लवकर. एकजण आजारी पडला की खाडा (गैरहजेरी), आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

२०२१ पासून ग्रामसेवकांमार्फत नोंदणी आणि ओळखपत्रं सुरू झाली. २०२५ मध्ये निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटच्या नोंदींच्या आधारे बंजारा समाजाने अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी मोर्चे काढले, तांड्यांवरच्या बायकाही त्यांत उतरल्या. मागणी रास्त आहे, शिक्षण-नोकरीची वाट तिथून उघडते. पण फडावरच्या बाईची मजुरी जातीच्या दाखल्याने वेगळी होत नाही. त्यासाठी टनाच्या करारातच तिचं नाव आणि तिचं बँक खातं लिहावं लागेल.