शीतक तापमान संवेदक, जुन्या मोटारींतील

पाण्याने थंड होणाऱ्या मोटार-एंजिनातील शीतकाचे तापमान ओळखून ते फलकावरील मापकाला, पंख्याच्या स्विचला किंवा इंधन-अंतःक्षेपणाच्या नियंत्रकाला कळविणारा भाग. गॅरेजात याला ‘टेम्परेचर सेंडर’ म्हणतात. केशनळीच्या (अतिशय बारीक छिद्राच्या नळीच्या) जुन्या प्रकारात त्यालाच ‘बल्ब’ हे नाव आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः १९२० ते १९८० या काळातील मोटारींचा विचार केला आहे.

संवेदक कोणताही असो, तो आपल्या टोकाला भिडलेल्या पदार्थाचेच तापमान सांगतो. टोकाभोवती वाहते पाणी असेल तर पाण्याचे, हवेचा बुडबुडा असेल तर हवेचे आणि पाणी साचून राहिले असेल तर बव्हंशी शेजारच्या धातूचे. त्यामुळे संवेदकाच्या निवडीइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, त्याच्या जागेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

प्रारंभ : मोटारीतील तापमान-दर्शकाचा पहिला लोकप्रिय प्रकार म्हणजे रेडिएटरच्या झाकणावर बसणारा ‘बॉइस मोटोमीटर’. हा अमेरिकेत १९१२ च्या सुमारास पुढे आला. हॅरिसन बॉइस यांचे नाव त्याला कायमचे चिकटले असले, तरी त्यासंबंधीच्या पेटंटांच्या संदर्भात हर्मन श्लाइख यांचाही उल्लेख येतो. कल्पना एकाची आणि व्यापार दुसऱ्याचा असे सरळ विभाजन करण्यापेक्षा श्रेय दोघांत वाटून देणे अधिक सयुक्तिक वाटते. या तापमापकाचा फुगा रेडिएटरच्या वरच्या टाकीतील पाण्यात बुडत नसे. तो पाण्यावरील वाफेचे तापमान दाखवी. चालकाला बसल्या जागेवरून लाल स्तंभ दिसे, पण रात्री तो वाचणे कठीण जाई. १९२० च्या दशकात फलकावरील मापक रूढ होऊ लागले आणि मोटोमीटर हळूहळू शोभेची वस्तू बनला.

केशनळीचा मापक व बूर्दाँ नलिका : फलकावरील या मापकाचे हृदय म्हणजे बूर्दाँ नलिका. लंबवर्तुळाकार छेदाची चपटी नळी कमानीसारखी वाकविली, तिचे एक टोक बंद केले आणि दुसऱ्या टोकाने आत दाब दिला, तर नळीचा छेद गोल होऊ पाहतो व कमान किंचित उलगडते. ती हालचाल दात्यांच्या किंवा दांडीच्या साहाय्याने काट्याला मिळते. पॅरिसचे यंत्रकार यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले. वाफेच्या एंजिनासाठी वेटोळ्याची नळी वळवताना ती चेपली गेली, चेप काढण्यासाठी आत पाण्याचा दाब दिला आणि वेटोळे सुटू लागले, अशी हकिकत त्यांच्या नावावर सांगितली जाते. ती खरी असण्यास हरकत नाही. मात्र शोध-कथांना मागाहून असा घाट येतच असतो.

अग्रहक्काचा वाद याहून गंभीर होता. ल्युस्याँ विदी यांचा निर्द्रव वायुभारमापक १८४४ च्या सुमाराचा. दाबाने लवणाऱ्या पातळ धातूच्या बंद कोशाचे तत्त्व आपले आहे, असे म्हणून त्यांनी बूर्दाँ यांच्यावर दावा लावला. खटला अनेक वर्षे रेंगाळला आणि निकाल अखेरीस विदी यांच्या बाजूने लागला, असे सामान्यतः मानले जाते. जर्मन भाषिक प्रदेशात शिंट्स यांनी चपट्या वक्र नळीचा दाबमापक १८४९ पूर्वीच वापरला होता, असेही एक मत आहे. विदी यांचा कोश पन्हळी पत्र्याचा, तर बूर्दाँ यांची नळी वक्र. दोहोंत लवचिक धातूची भिंत समान असली, तरी हालचाल निर्माण होण्याची भूमिती वेगळी आहे. म्हणून न्यायालयीन निकाल काहीही असला, तरी तांत्रिक दृष्ट्या नळीचे श्रेय बूर्दाँ यांच्याकडे ठेवणे योग्य दिसते. मापकशास्त्राने नाव तरी तेच ठेवले आहे.

मोटारीत या नळीला जोडून लांब केशनळी व तिच्या टोकाला तांब्याचा किंवा पितळेचा बल्ब असतो. बल्बमध्ये ईथरसारखा बाष्पनशील द्रव अर्धवट भरलेला असतो. ईथर सुमारे ३५° से. ला उकळतो, १०० अंशांच्या आसपास त्याचा बाष्पदाब वातावरणाच्या सहापटीहून थोडा अधिक होतो. हा दाब बल्बमधील द्रव-पृष्ठाच्या तापमानावर अवलंबून असल्याने केशनळी उष्ण बॉनेटखालून गेली तरी वाचनात फारसा फरक पडत नाही. दाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, वरच्या बाजूला झपाट्याने वाढतो. म्हणूनच जुन्या ब्रिटिश तबकड्यांवर थंड भागातील आकडे दाटीने आणि गरम भागातील ऐसपैस असतात. चालकाला जिथे बारकाईने पाहायचे तिथेच जागा मोठी, हा योगायोग सोयीचा खरा. या प्रकाराला विजेची गरज नाही. उणीव एकच : नळीला घडी पडून भेग गेली की ईथर उडून जातो आणि काटा तळाशी बसतो. बल्ब बर्फ-मिठाच्या मिश्रणात गाडून तुटलेल्या नळीला दुसऱ्या मापकाची धड नळी डाखण्याची पद्धत हौशी दुरुस्तीकारांत आहे. ईथर ज्वालाग्राही असल्याने ती बेतानेच करावी.

विद्युत् संवेदक : तापमान वाढल्यावर रोध कमी होणाऱ्या पदार्थाचे निरीक्षण मायकेल फॅराडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडावर नोंदविले. व्यवहारोपयोगी थर्मिस्टराचे (तापमानानुसार रोध बदलणाऱ्या अशा घटकाचे) जनकत्व बहुधा सॅम्युएल रूबेन यांना (१९३०) दिले जाते; धातूंच्या ऑक्साइडांपासून भरवशाचे व एकसारखे नग बनविण्याचे काम मात्र १९४० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत पक्के झाले. मोटारीच्या सेंडरमध्ये अशी गोळी पितळी कवचात बसविलेली असते. एका तारेच्या सेंडरात परतीचा मार्ग एंजिनाच्या धातूतून, म्हणजे आट्यांतूनच जातो. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी जाड गुंडाळली तर काटा कमी दाखवू शकतो. अर्थिंग मापून पाहणे हा यावरचा साधा उपाय.

सेंडर व मापक ही जोडी असते, सुटे भाग नव्हेत. ब्रिटिश गाड्यांतील द्विधातू-पट्टीचे मापक साधारणपणे १० व्होल्टच्या स्थिरकावर (विद्युत् दाब कायम ठेवणाऱ्या भागावर) चालतात, अमेरिकेतील फोर्ड व क्रायस्लर यांचे ५ व्होल्टवर. पट्टीभोवतीची तार तापून पट्टी वाकते, म्हणून काटा सावकाश चढतो. स्थिरकाची अर्थिंग सुटली तर इंधन व तापमान दोन्ही काटे एकदमच वर जातात. अशा वेळी दोष एंजिनात शोधणे व्यर्थ होय. फाउ-डे-ओ (VDO, जर्मन मापक-उत्पादक) जातीचा १२० अंशांपर्यंतचा प्रचलित सेंडर ४०° से. ला सुमारे २९० ओम, तर १२०° से. ला सुमारे २३ ओम दाखवितो. इतर मापकांचे सेंडर निराळ्या वक्राचे असतात. आटे जुळले म्हणून सेंडर जुळला असे मानल्यानेच बहुतेक चुकीची वाचने घडतात. आट्यांतही एकवाक्यता नाही : अमेरिकी गाड्यांत १/८, ३/८ व १/२ इंची निमुळते पाइप-आटे, जर्मन गाड्यांत १२ व १४ मिमी. मेट्रिक, ब्रिटिश गाड्यांत अनेकदा ५/८ इंची सूक्ष्म आटे. निमुळता सेंडर सरळ आट्यांच्या ॲल्युमिनियमच्या कोठीत कसल्यास कोठी तडकते.

स्थान : बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीच्या बी-मालिकेतील एंजिन या बाबतीत नमुनेदार आहे. पाणी पंपातून ब्लॉकमध्ये (सिलिंडरांच्या ओतीव ठोकळ्यात), तेथून गॅस्केटच्या छिद्रांतून हेडमध्ये (सिलिंडरांवरील झाकणात) आणि हेडच्या पुढच्या टोकाला असलेल्या थर्मोस्टॅटमधून (पाणी तापल्यावरच उघडणाऱ्या झडपेतून) रेडिएटरकडे जाते. मापकाचे छिद्र हेडमध्येच, थर्मोस्टॅटच्या कोठीखाली आहे. हीच जागा सर्वांत योग्य मानावी, कारण सर्व सिलिंडरांचे गरम पाणी तेथे एकत्र येते आणि थर्मोस्टॅट बंद असतानाही तेथे पाणी असते. थर्मोस्टॅटच्या पलीकडे, वरच्या होजमध्ये संवेदक बसविला तर एंजिन तापत असताना काटा कित्येक मिनिटे थंडच राहतो व थर्मोस्टॅट उघडताच झेपावतो. थर्मोस्टॅट अडकून बंदच राहिला तर असा मापक शेवटपर्यंत सर्व आलबेल असल्याचे सांगतो.

हेडच्या मागच्या टोकाला, हीटरच्या तोटीपाशी, संवेदक बसवावा असे काहींचे म्हणणे आहे. शेवटचा सिलिंडर पंपापासून सर्वांत दूर, म्हणून सर्वांत गरम, असा त्यांचा युक्तिवाद. तो निराधार नाही. तथापि तोटी बंद असता तेथील पाणी जवळजवळ स्थिर राहते आणि वाचन पाण्यापेक्षा धातूचेच अधिक होते. शर्यतीच्या गाडीत दुसरा संवेदक म्हणून ती जागा चालेल. एकमेव संवेदकासाठी नव्हे. रेडिएटरच्या खालच्या टाकीतील संवेदक थंड झालेले पाणी मोजतो. एंजिनाच्या प्रकृतीविषयी तो फार काही सांगत नाही, रेडिएटरला उष्णता टाकणे जमते आहे की नाही हे मात्र तेथे कळते; फोक्सवागेनने पंख्याचा स्विच (सुमारे ९२ अंशांना चालू, ८७ ला बंद) रेडिएटरच्या टाकीवरच ठेवला तो याच विचाराने. ब्रिटनमधील केनलो या विजेच्या जोड-पंख्याच्या स्विचची केशनळी वरच्या होजमध्ये सरकवीत असत.

टोक द्रवात बुडालेले असणे ही सर्वांत आवश्यक अट होय. उंचवट्यावर बसविलेल्या सेंडरभोवती हवा अडकते. पाणी गळून पातळी खाली गेली तर टोक उघडे पडते आणि एंजिन जळत असताना काटा खाली येतो. काटा अचानक थंडाकडे वळणे हे, म्हणून, शुभलक्षण नाही. जादा नळीजोड लावून टोक प्रवाहाबाहेर ओढले गेल्यासही वाचन मंद व कमी होते.

इंधन-अंतःक्षेपण : बॉशच्या डी-जेट्रॉनिक (१९६७) प्रणालीपासून थंड एंजिनाला मिश्रण किती दाट द्यायचे हे ठरविण्यासाठी वेगळा संवेदक आला. बॉशच्या अशा संवेदकाचा रोध २०° से. ला सुमारे २,५०० ओम, ८०° से. ला ३०० ओमच्या थोडा वर असतो. जनरल मोटर्सचा २०° ला ३,५२० व १००° ला १७७ ओम. जुन्या गाडीवर नव्याने बसविल्या जाणाऱ्या मेगास्क्वर्टसारख्या नियंत्रकात ५ व्होल्टला २,४९० ओमचा रोध जोडलेला असतो; त्यामुळे जनरल मोटर्सच्या संवेदकावर २० अंशांना २.९३ व्होल्ट, १०० अंशांना ०.३३ व्होल्ट मिळतात. मापकाचा व नियंत्रकाचा संवेदक एकच ठेवू नये : मापकाचा प्रवाह वाचन बिघडवितो.

तपासणी : अनोळखी संवेदकाचा वक्र स्टाइनहार्ट व हार्ट यांच्या १९६८ च्या समीकरणाने तीन तापमानांवरून काढता येतो. वितळता बर्फ, खोलीतील पाणी व उकळते पाणी हे तीन बिंदू घरीच मिळतात. मात्र उकळते पाणी म्हणजे १०० अंश हे गृहीत समुद्रसपाटीचे आहे. पुण्यात ते सुमारे ९८ आणि महाबळेश्वरला ९५.५ अंशांच्या आसपास उकळते. मुंबईत व वाईत तपासलेल्या दोन सेंडरांत फरक दिसला, तर दोष सेंडरचा असेलच असे नाही.

भारतातील वापर : उत्तरपाड्याच्या अँबॅसडरमध्ये १,४८९ घ.सेंमी.चे बी-मालिकेचेच एंजिन दीर्घकाळ होते, त्यामुळे वरील विवेचन तिला तंतोतंत लागू पडते. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचे फिएट एंजिन वेगळ्या घराण्यातले. उष्ण हवेचे कारण देऊन थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. तसे केल्यास पाणी रेडिएटरमधून अखंड फिरते, सपाटीवर काटा कायम खाली राहतो आणि सेंडर नादुरुस्त समजून बदलला जातो.