बंधारा ऑक्टोबरचा, शिबिर डिसेंबरचं

मुंबईला तानसाचं पाणी 1892 पासून येतंय. वैतरणा, भातसा ही धरणं नंतरची. सगळी शहापूर-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्याच्या आसपास, आणि त्याच पट्ट्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, पण खाली काळा कातळ. पाणी मुरायच्या आत ओढ्यानं निघून जातं.

1969 साली, गांधी जन्मशताब्दीत, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. वर्षाला 120 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर हा तिचा परिचयाचा साचा. सुरुवातीला भर रस्ते आणि साफसफाईवर असे. ओढ्याचं पाणी अडवणारे बंधारे नंतर आले.

खरी रस्सीखेच आहे ती तारखांची. वनराई बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची, विटांसारखे सांधे चुकवून थर लावायचे आणि पाण्याच्या अंगाला चिकणमातीचा गिलावा थापायचा. पैसा जवळपास लागत नाही, माणसं लागतात. पण हे ओढा वाहता असतानाच करायला हवं, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. महाविद्यालयांत तेव्हा सत्र परीक्षा. गावात भातकापणी, त्यामुळे शेतकऱ्यालाही हात मोकळे नसतात. शिबिर मग नाताळच्या सुट्टीत जातं. तोवर बऱ्याच ओढ्यांची धार करंगळीएवढी झालेली असते. फोटो छान येतात, बंधाऱ्यामागे डबकं साठतं. तासांची नोंद होते, सवलतीचे 10 गुणही मिळतात. ज्या कामावर पाड्यातल्या बाईची पाण्याची एक खेप वाचत नाही, त्याचे तास मोजण्यात काय हशील, हा प्रश्न अहवालात कुठेच नसतो.

वेळेत बांधलेल्या बंधाऱ्याचा फरक मात्र दिसतो. भाताच्या खाचरात ओलीवर वाल पेरतातच. शेजारच्या विहिरीला पाणी टिकलं तर काकडी, भेंडीचा एखादा वाफाही निघतो.

2014 च्या डिसेंबरात राज्य सरकारचं जलयुक्त शिवार अभियान आलं आणि जेसीबीनं नाले खोल करणं हेच जलसंधारण, असं चित्र झालं. यंत्र एका दिवसात करतं ते पोरं आठवड्यात करत नाहीत, हे खरंच. पण सरसकट खोलीकरणावर भूजलाच्या जाणकारांनी आक्षेप घेतले होतेच: उताराचं पाणी वरच अडवायचं सोडून नाल्याच्या तळाशी खोदत बसायचं. माथ्यावरचे समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले चर, मुलांना डिसेंबरातही खणता येतात, त्याला वाहतं पाणी लागत नाही. काही महाविद्यालयांनी आता तशी फोड केली आहे. दिवाळीच्या आगेमागे एका शनिवार-रविवारी गोण्या, शिबिरात चर. पहिल्या पावसात गोण्या वाहून जातात, त्या दरवर्षी नव्यानं लावाव्या लागतात. आणि तोवर मागची बॅच पदवी घेऊन गेलेली असते.