विमानतळ रद्द झाला, मग फौजफाटा कशाला? नोत्र-दाम-दे-लांदची पार्श्वभूमी

फ्रान्सच्या पश्चिमेला, नांत शहराच्या उत्तरेस नोत्र-दाम-दे-लांद हे गाव आहे. 17 जानेवारी 2018 रोजी पंतप्रधान एदुआर फिलिप यांनी इथला नियोजित विमानतळ रद्द झाल्याचं जाहीर केलं. तीन महिनेही उलटले नाहीत तोच, 9 एप्रिलला, सुमारे अडीच हजार सशस्त्र पोलीस चिलखती गाड्यांसह त्याच शिवारात घुसले. आंदोलन जिंकलं होतं, मग हटवायचं कुणाला होतं?

वादाची मुळं 1974 मध्ये आहेत. त्या वर्षी बाराशेहून अधिक हेक्टर जमीन विमानतळासाठी राखून ठेवली गेली. या पट्ट्यातली जमीन कुणी विकायला काढली, की ती घेण्याचा पहिला हक्क सरकारी यंत्रणेचा. पण तेलसंकट आलं आणि प्रकल्प फायलीत पडून राहिला. गंमत अशी की, या आरक्षणानेच शिवार वाचवलं. आसपास जमिनींचं एकत्रीकरण होऊन झुडपी कुंपणं आणि डबकी सपाट झाली, इथली शाबूत राहिली. पुढे पर्यावरणाच्या मुद्द्यावर सगळ्यात भक्कम आधार मिळाला तो याच पाणथळ जमिनीचा: नष्ट होणाऱ्या पाणथळीची भरपाई मोजण्याची, विमानतळाचं कंत्राट घेतलेल्या कंपनीची पद्धत तज्ज्ञ समितीने 2013 मध्ये ग्राह्य धरली नाही.

2000 मध्ये प्रकल्प पुन्हा वर काढला गेला आणि 2008 मध्ये त्यावर सार्वजनिक हिताचा शिक्का बसला. पुढे कंत्राट व्हँसी या बांधकाम कंपनीला मिळालं, जी महामार्गही चालवते. शेतकरी कोर्टकचेऱ्या करतच होते. 2009 च्या ऑगस्टमध्ये इथे हवामानबदलाच्या प्रश्नावर आंदोलकांचं शिबिर भरलं आणि काही रहिवाशांनी, रिकाम्या पडलेल्या घरांत येऊन राहा, असं उघड आवाहन केलं. त्या हाकेला ओ देऊन आलेल्यांत अराजकवादी, म्हणजे सरकारी सत्ताच न मानणारे, बरेच होते. त्यांनी झोपड्या बांधल्या, भाजीपाला लावला, पाव भाजले आणि व्हँसीच्या महामार्ग रेडिओच्याच 107.7 या फ्रीक्वेन्सीवर ‘रेडिओ क्लॅक्सन’ सुरू केला. शिवाराची ओळख आता ‘झाद’ झाली: राखीव क्षेत्रासाठीच्या सरकारी संज्ञेची (ZAD) आद्याक्षरं तीच ठेवून आंदोलकांनी तिचा अर्थ ‘रक्षण करायचं क्षेत्र’ असा केला.

16 ऑक्टोबर 2012 ला या लोकांना हटवण्याची पोलिसांची ‘सीझर’ मोहीम सुरू झाली. तारीख मुद्दाम साधलेली होती. 1 नोव्हेंबरपासून फ्रान्समध्ये हिवाळाभर लोकांना घरातून काढण्यावर निर्बंध असतात, त्याआधी काम उरकायचं होतं. 2018 ची कारवाईही हा काळ 31 मार्चला संपल्यावरच आली. 2012 च्या त्या मोहिमेत बुलडोझरने घरं पाडली गेली. पण आंदोलकांची तयारी आधीची होती: पाडापाडी सुरू झाली की साधारण चार आठवड्यांनी येणाऱ्या शनिवारी सगळ्यांनी येऊन पुन्हा बांधायचं, हे त्यांनी आगाऊ जाहीर केलं होतं. 17 नोव्हेंबरला हजारो लोक लाकडी सांगाड्यांचे तयार भाग घेऊन आले. नव्या झोपड्यांभोवती शेतकऱ्यांनी आपले ट्रॅक्टर साखळीने बांधून उभे केले. झोपडी पाडणं सोपं असतं, पण स्थानिक शेतकऱ्याचा ट्रॅक्टर तोडला तर त्याची राजकीय किंमत मोजावी लागते. आठवड्याभरात सरकारने संवाद समिती नेमण्याची भाषा केली.

कोर्टातले शेतकरी, निसर्गनोंदी करणारे अभ्यासक आणि अडथळे उभारणारे अराजकवादी एकमेकांची जाहीर निंदा करायची नाही हे पाळत होते, यात खरी ताकद होती. पण हे जमवणं कठीण होतं. कच्चा दुवा ठरला डी-281 हा रस्ता. तो अडथळ्यांनी वळणावळणाचा केलेला होता, तिथून जा-ये करणारे शेजारी वैतागले होते. विमानतळ रद्द होताच आंदोलकांच्या आमसभेने रस्ता मोकळा करायचं ठरवलं. रस्त्याकडेला राहणाऱ्यांना तो विश्वासघात वाटला, हातघाईपर्यंत वेळ आली. एप्रिलमध्ये कारवाईची सुरुवात याच रस्त्यालगत झाली.

सरकारच्या दृष्टीने प्रश्न आता जमीन कुणाच्या नावावर, हा होता. झादवाल्यांसमोर दक्षिण फ्रान्समधल्या लार्झाक पठाराचं उदाहरण होतं. तिथे लष्करी तळाचा विस्तार 3,000 वरून 17,000 हेक्टर करायचा बेत 103 शेतकऱ्यांनी दहा वर्षं अडवला. 1937 मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींकडे राहिलेले लांझा देल व्हास्तो यांनी 1972 मध्ये तिथेच पंधरा दिवसांचा उपास केला होता. राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांनी 1981 मध्ये विस्तार रद्द केला आणि 1985 मध्ये सरकारी जमीन शेतकऱ्यांच्या एकाच संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. असाच सामूहिक पट्टा झादला हवा होता.

तो साफ नाकारला गेला. प्रत्येकाने आपल्या नावाने, आपल्या शेतीचा आराखडा लिहून अर्ज भरावा, अशी अट आली. काहींना ही शरणागती वाटली, तर काहींना जमीन राखण्याचा तेवढाच मार्ग दिसला. 9 एप्रिलला मेंढ्या पाळणाऱ्या गटाची ‘सां-नों’ ही वस्तीही पाडली गेली, म्हणजे शेतीचा आराखडा असून कुणी सुरक्षित नव्हतंच. त्यानंतर सुमारे चाळीस अर्ज एकत्र गठ्ठ्याने दाखल केले गेले. गठ्ठा अशासाठी की त्यातला एखादा अर्ज निवडून बाजूला काढता येऊ नये. जूनमध्ये पहिले 15 करार झाले, तेही तात्पुरत्या वहिवाटीचे. बरेच जण अर्ज न भरता निघून गेले.

राहिलेल्यांनी जमीन विकत घेऊन सामाईक ठेवण्यासाठी निधी उभारला. जानेवारी 2021 मध्ये याच शिवारात ‘पृथ्वीचे उठाव’ नावाचं आंदोलन जन्मलं. सेंत-सोलीन गावातल्या शेतीसाठीच्या जलसाठ्याच्या विरोधात मार्च 2023 मध्ये झालेल्या पोलिसांशी चकमकींनंतर, जूनमध्ये सरकारने ते विसर्जित करण्याचा हुकूम काढला. देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तो रद्द केला.