भूमिका भारी होती की काम भारी झालं?

हौशी किंवा प्रायोगिक नाटकावर कुणीही चार ओळी लिहिल्या की त्यात एक वाक्य ठरलेलंच, "अमुकने भूमिकेला पुरेपूर न्याय दिला". न्याय द्यायला ते काय कोर्ट आहे? आणि खाली दहा जण "भूमिका जगलास रे" म्हणून मोकळे. (हौशी आणि प्रायोगिक यातला फरक मला विचारू नका, पैसे दोघांकडेही नसतात.) वैतागून एकदाच लिहितो, भूमिका वेगळी आणि काम वेगळं.

भूमिका म्हणजे लेखकाने लिहिलेलं पात्र, त्याची वाक्यं, त्याचं दुःख, हे सगळ्यांना माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. काम म्हणजे नटाने त्यात स्वतःचं जे घातलं ते. तालमीत कुणी "काय भूमिका केलीस" म्हणत नाही, "काय काम केलंस" म्हणतात, लिहायला बसलो की मात्र हे विसरतो.

घोळ होतो कारण काही भूमिका मुळातच टाळ्या घेऊन येतात. वेडा, दारुडा, मुलांनी घराबाहेर काढलेला बाप, यांना नट बरा असला तरी पुरतो. शिरवाडकरांचं नटसम्राट घ्या, १९७० ला आलं, डॉ. लागूंनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी अशा तगड्या लोकांनी तीच भूमिका केली. स्वगतं तीच, घर मागणं तेच. आता प्रत्येकाच्या प्रयोगाला ज्या जागी लोकांचा घसा दाटला ती जागा शिरवाडकरांची, आणि जे एकाकडे होतं नि दुसऱ्याकडे नव्हतं ते त्या त्या नटाचं. इतकं सोपं आहे, पण दुसरा नट बघायला मिळाला तरच. आपल्या नाटकांचं दुखणं इथेच आहे, संहिता नवीकोरी, प्रयोग मोजके, भूमिका एकाच नटाने केलेली, मग लेखकाचं कुठे संपलं नि नटाचं कुठे सुरू झालं हे कळणार कसं?

माझा उपाय एकच, नटाला वाक्य नसताना त्याच्याकडे बघा. समोरचा बोलतोय तेव्हा हा ऐकतोय की स्वतःच्या वाक्याची वाट बघतोय? तालमीत पन्नास वेळा ऐकलेली बातमी त्याला आत्ता कळतेय असं वाटतं का? विनोदावर हशा आला तर तो हशा संपेपर्यंत पात्रातच थांबतो, की हळूच प्रेक्षकांकडे बघून खूश होतो? यातलं काहीही संहितेत लिहिलेलं नसतं, म्हणजे ते लेखकाच्या खात्यात टाकता येत नाही. आणि उलटं उदाहरण हवं असेल तर घाशीराम कोतवाल, १९७२, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. मोहन आगाशेंच्या नाना फडणवीसाबद्दल सगळे बोलतात आणि बोलावंच, पण रांगेत उभ्या नटांची ती ब्राह्मणांची भिंत आठवा, गाणारी, नाचणारी, क्षणात पाठ फिरवणारी. तिथे एकेकट्याला भूमिका म्हणावी तर नावापुरती, काम मात्र प्रयोगभर. आपल्याकडच्या कौतुकात अशांच्या वाट्याला काय येतं तर "इतरांनी योग्य साथ दिली". या वाक्यावर खरंच बंदी आणायला पाहिजे.

दुसरी चीड "तालुक्याच्या ठिकाणचा असूनही छान". असूनही काय असूनही? तसंच झाडीपट्टीचं नाटक बघून "भडक" म्हणणारे. गडचिरोली-चंद्रपूरकडे मंडपात रात्रभर नाटक चालतं, पार मागे बसलेल्या माणसापर्यंत पोचायचं असतं, तिथे दादरच्या छबिलदास शाळेच्या छोट्या हॉलमधलं पापणी हलवणं काय कामाचं? परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. जागा मोठी तर काम मोठं, बस.

मी तरी कोण शहाणा लागून गेलो. कॉलेजनंतर एका स्पर्धेत वेड्याचं काम केलं होतं, ओरडलो, रडलो, जमिनीवर लोळलो, अभिनयाचं बक्षीस घेऊन आलो आणि महिनाभर हवेत होतो. त्यात बहिणीचं काम करणारी मुलगी वीस मिनिटं नुसती बसून माझं ऐकत होती, शेवटी उठून माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण बघायची आणि आत जायची, संहितेत फक्त "जाते" एवढंच होतं, बटण तिचं तिने शोधलेलं. प्रयोगाला त्याच जागी शांतता पसरायची आणि मला वाटायचं ती माझ्यासाठीच आहे. स्थानिक पेपरात आलं ते कात्रण अजून आहे माझ्याकडे, सात ओळी माझ्यावर, आणि तिचं नावसुद्धा नाही.