लुका गिनी

लुका गिनी (१४९० ते १५५६) हा इटलीतला डॉक्टर आणि औषधी वनस्पतींचा प्राध्यापक. इमोलाजवळच्या क्रोआरा गावचा, वडील नोटरी. १५२७ला बोलोन्यात मेडिसिनची डिग्री घेतली आणि तिथंच शिकवायला लागला, आधी डॉक्टरकी, मग १५३०च्या दशकात खास औषधी वनस्पती.

तेव्हा झाडपाला शिकायचा तो पुस्तकातून, आणि पुस्तक म्हणजे पहिल्या शतकातल्या डायोस्कोरायडीस या ग्रीक डॉक्टरचं. आता त्याने पाहिलेली बरीच झाडं भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडची, नावं ग्रीक, वर हाताने नकला करताना घुसलेल्या चुका, त्यामुळे तो म्हणतो ती वनस्पती म्हणजे आपल्याकडची नेमकी कुठली यावरच पंडितांची भांडणं चालायची, आणि भलतंच मूळ उकळून दिलं तर पेशंटचं काय होणार ते वेगळं सांगायला नको. गिनीने सरळ झाडच पोरांसमोर ठेवायला सुरुवात केली.

पण थंडीत झाडं आणायची कुठून? म्हणून त्याने झाडं कागदात दाबून वाळवली आणि पुठ्ठ्यावर चिकटवली. हर्बेरियम म्हणतात ते हेच, आणि याचा मान बहुतेक जण गिनीलाच देतात. आपल्याकडे बीएस्सी बॉटनीची पोरं पेपरात पानं दाबून, ओल धरू नये म्हणून पेपर बदलत बसतात ना, त्या कटकटीचा मूळपुरुष हाच.

१५४४ला फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो द मेदिची याने त्याला पिसाला बोलावलं. तिथं आर्नो नदीकाठी त्याने युनिव्हर्सिटीसाठी बाग केली, अशा बागांमधली सगळ्यात पहिली. इटलीतलेच पादुआवाले मात्र १५४५च्या आपल्या बागेला सगळ्यात जुनी म्हणतात, कारण पिसाची बाग पुढे दोनदा जागा बदलून आत्ताच्या ठिकाणी आली आणि पादुआची जागची हलली नाही. दोघंही आपापल्या परीने खरे.

एवढं करून वनस्पतींवर या माणसाने एकही पुस्तक छापलं नाही. डायोस्कोरायडीसवर लिहायचं मनात होतं, तेवढ्यात १५४४ला मातिओली या दुसऱ्या इटालियन डॉक्टरचं त्याच विषयावरचं पुस्तक आलं. मग गिनीने आपलं काम बाजूला ठेवलं, आणि वर १५५१ला स्वतःची टिपणं मातिओलीलाच पाठवून दिली! एवढं मोठं मन प्रोफेसर लोकांत आजही दुर्मिळच. मातिओलीचं पुस्तक पुढे तुफान खपलं, गिनीचं नाव मागं पडलं.

शेवटी तो बोलोन्याला परतला आणि ४ मे १५५६ला तिथंच वारला. त्याने स्वतः चिकटवलेलं एकही पान आज उरलेलं नाही. शिष्यांची मात्र आहेत. अल्द्रोवांदीचे १५ खंड बोलोन्यात, त्यात ५,००० च्या आसपास नमुने, आणि चेझालपिनोने १५६३ला तयार केलेले ७६८ नमुने फ्लॉरेन्समध्ये.