डेस्कटॉप लिनक्स आणि रोजचा वापर

डेस्कटॉप लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटरवर टाकता येणारी मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिहायला घेतला. त्यावर उभ्या राहिलेल्या उबुंटू (२००४) आणि लिनक्स मिंट (२००६) या दोन डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्या, घरगुती वापरासाठी सगळ्यात जास्त सुचवल्या जातात.

लिनक्स कॉम्प्युटरवाल्यांनाच जमतं असं लोक अजून म्हणतात, पण ते आता खरं नाही. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं गेली कित्येक वर्षं त्यावरच शिकतायत. कुणाला जमेल यापेक्षा काम कुठलं आहे यावर सगळं अवलंबून असतं. ब्राउझर, मेल, यूट्यूब, बँकेची साइट, थोडं टायपिंग एवढंच काम असेल तर मिंट अगदी बिनधास्त टाकावं, मेनू खाली डावीकडेच असतो, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामं करणारं) आधीच टाकलेलं येतं, आणि मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून चालू करता येतो.

अडतं ते ठरावीक सॉफ्टवेअरपाशी. टॅली, फोटोशॉप, पेजमेकर यांची लिनक्स आवृत्तीच नाही. वाइन नावाचं सॉफ्टवेअर वापरून काही विंडोज प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात, पण ज्यावर धंदा चालतो ते त्याच्या भरवशावर ठेवू नये. आपल्याकडे डीटीपीवाल्यांचं दुखणं तर आणखी वेगळं, वर्षानुवर्षांचा मजकूर युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये अडकलाय, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, म्हणून आधी ते सगळं युनिकोडमध्ये आणावं लागतं. हे काम लिनक्सवर जायचं नसलं तरी करायलाच हवं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी मशीन बाहेर पडली. अशा मशीनवर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅममध्येही नीट चालते. धडधाकट लॅपटॉप भंगारात घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. तेव्हाच वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासून घ्यावा, कारण काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर लिनक्सवर फार त्रास देतात. इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क पुसायचा पर्याय निवडला तर विंडोजसकट सगळ्या फाइली जातात, म्हणून बॅकअप आधीच घ्यावा.